तबकडीसोबतची ‘फुकट’ प्रत : किती खरी, किती आपली?

अमेरिकेत दुकानातून चित्रपटाची तबकडी विकत घेतली, की तिच्या डबीतून पुष्कळदा कागदाचा एक चिटोरा निघतो. त्यावर अक्षरे आणि आकडे यांची एक ओळ छापलेली असते. डबीच्या दर्शनी भागावर मोठ्या टाइपात ‘सोबत डिजिटल प्रत’ अशा अर्थाची जाहिरात असते. ती ओळ कंपनीने सांगितलेल्या संकेतस्थळावर भरली, की तोच चित्रपट तबकडी न लावता संगणकावर किंवा फोनवर पाहता येतो. एका किमतीत दोन वस्तू, असा हा सौदा वरवर दिसतो. ही दुसरी वस्तू नेमकी काय आहे, तबकडीवरचे तिच्यात किती उतरते आणि ती खरोखर आपली होते का, हे तपासून पाहणे उद्बोधक आहे. त्यात थोडे गणित आहे, थोडे भौतिकशास्त्र आहे आणि बराचसा कायदा आहे.

ही प्रथा सुरू झाली ती २००८ सालच्या जानेवारीत. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीने ‘फॅमिली गाय : ब्लू हार्वेस्ट’ या डीव्हीडीबरोबर ॲपलच्या आयट्यून्सवर उतरवून घेण्याजोगी प्रत दिली. सुरुवातीला ही प्रत दुसऱ्या एका तबकडीवर फाइलच्या रूपाने असे आणि चिटोऱ्यावरची ओळ ही तिची किल्ली असे. पुढे दुसरी तबकडी गेली आणि चिटोरा तेवढा राहिला. हा बदल किरकोळ वाटतो, पण सगळी गोम त्यातच आहे. तिकडे आपण वळणारच आहोत. आधी गणित पाहू.

दर सेकंदाला शंभर कोटी बिट

उच्च प्रतीच्या चित्रपटाची एक चौकट आडवी १९२० आणि उभी १०८० चित्रबिंदूंची असते. गुणाकार केला तर २०,७३,६०० बिंदू होतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर सेकंदाला सुमारे ११९ कोटी बिट लागतील. दोन तासांच्या, म्हणजे ७२०० सेकंदांच्या चित्रपटाला ८.६ लाख कोटी बिट, म्हणजे साधारण १०७५ गिगाबाइट लागतील. ब्लू-रे तबकडीच्या दोन थरांत मिळून मावतात फक्त ५०. मग चित्रपट तिच्यावर बसतो कसा?

येथे डोळ्याचा एक स्वभाव कामी येतो. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून चार शेजारी बिंदूंचा उजेड वेगवेगळा नोंदवायचा, पण रंगाची माहिती चौघांत मिळून एकदाच ठेवायची. असे केले की चार बिंदूंना चार उजेडाचे आणि दोन रंगाचे असे सहा आकडे पुरतात. बिंदूमागे २४ बिटांऐवजी १२ बिट झाले आणि अर्धा भार उतरला. उरलेली बचत दोन चौकटींतल्या साम्यातून होते. वर्गात फळ्यापुढे उभे राहून बोलणाऱ्या शिक्षकाचे चित्रण केले, तर एका चौकटीतून दुसरीत जाताना फळा, भिंत, टेबल यांत काहीच बदलत नाही. ओठ आणि हात तेवढे हलतात. मग फळा दर वेळी नव्याने कशाला लिहायचा? ‘मागच्याप्रमाणेच’ एवढे नोंदवले की झाले.

ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला सरासरी ३ कोटी बिट दिले असे धरू. दोन तासांचे २७ गिगाबाइट होतात, म्हणजे मूळ माहितीच्या चाळिसाव्या हिश्शाइतके. डिजिटल प्रत मात्र घरच्या इंटरनेट जोडणीतून यायची असते. तिच्यासाठी साधारण ५० लाख बिटांचा दर धरला, तर साडेचार गिगाबाइट होतात, म्हणजे सुमारे दोनशे चाळिसावा हिस्सा. चौकट तेवढीच, बिंदू तेवढेच. पण प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारी माहिती सहापटींनी कमी.

यावरून डिजिटल प्रत टाकाऊ आहे असे मात्र समजू नये. जुन्या डीव्हीडीवरही चित्राचा दर साधारण याच घरातला असतो आणि तिची अमेरिकेतली चौकट ७२० गुणिले ४८० बिंदूंची, म्हणजे क्षेत्रफळाने बरोबर एकषष्ठांश असते. तितक्याच बिटांत सहापट बिंदू बसवता येतात ते संक्षेपणाची नवी पद्धत जुनीपेक्षा हुशार आहे म्हणून. फरक दिसतो तो अवघड जागी. पाऊस, धूर, खळाळते पाणी, संध्याकाळचे आकाश अशा दृश्यांत ‘मागच्याप्रमाणेच’ म्हणायला फारसे काही नसते. तेथे कमी बिटांच्या प्रतीत आकाशाला पायऱ्या पडलेल्या दिसतात आणि पाण्याचे चौकोनी तुकडे होतात. विद्यार्थ्यांना हे दाखवायला चित्रपटाची गरज नाही. मोकळ्या आकाशाचे एकच छायाचित्र संगणकावर चार निरनिराळ्या दर्जांत साठवावे आणि फाइलींचे आकार व आकाश ही दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

सुरुवातीच्या काही वर्षांत ब्लू-रेसोबत मिळणारी प्रतही बहुधा डीव्हीडीच्या दर्जाची असे, हे ग्राहकाला घरी गेल्यावर कळायचे. फोनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर त्याने फारसे बिघडत नव्हते हेही खरे.

कुलूप आणि किल्ली

आता मुद्द्याचा प्रश्न. गाण्यांची सीडी १९८२ साली बाजारात आली, पण तिच्यासोबत कोणी ‘डिजिटल प्रत’ दिली नाही. दिली असती तर लोक हसले असते. सीडीला कुलूपच नव्हते. ज्याला हवी त्याने ती संगणकात घालून गाणी स्वतःच उतरवून घेतली. १९९६ साली जपानमध्ये आणि १९९७ साली अमेरिकेत आलेल्या डीव्हीडीला मात्र कुलूप लावलेले होते. त्याची किल्ली ४० बिटांची. दोनाचा चाळिसावा घात म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी. सेकंदाला दहा लाख किल्ल्या लावून पाहणारे यंत्र असेल, तर सगळ्या किल्ल्या तेरा दिवसांत संपतात. १९९९ मध्ये हे कुलूप उघडले, तेही किल्ल्या मोजत बसून नव्हे, तर कुलपाची रचनाच उलगडून. त्यात भाग घेतलेल्या नॉर्वेच्या तरुणावर खटला भरला गेला आणि २००३ साली तो निर्दोष सुटला.

आजच्या डिजिटल प्रतींची किल्ली १२८ बिटांची असते. सेकंदाला लाख कोटी किल्ल्या तपासल्या, तरी सगळ्या संपायला एकावर एकोणीस शून्ये इतकी वर्षे लागतील. विश्वाचे वय त्यापुढे किरकोळ आहे.

पण किल्लीच्या लांबीपेक्षा ती कोठे ठेवली आहे हे अधिक महत्त्वाचे. तबकडीच्या बाबतीत किल्लीचा एक भाग तबकडीवरच असतो आणि दुसरा भाग ती लावायच्या यंत्रात. दोघे समोरासमोर आले की चित्रपट सुरू होतो. तिसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. डिजिटल प्रतीची किल्ली कंपनीच्या दूरच्या संगणकावर असते. आपला फोन तेथे विचारतो, ‘हा चित्रपट या खातेदाराच्या नावावर आहे का?’ आणि होकार आला तरच किल्ली मिळते. ती नसेल तर फोनमध्ये पूर्ण उतरवलेली फाइलदेखील निव्वळ अर्थहीन आकड्यांची रांग होय.

आणि आपल्याला ही प्रत ज्या कारणाने हवीशी वाटते ते कारण जरा पाहा. स्वतः विकत घेतलेल्या डीव्हीडीवरून स्वतःच्या फोनसाठी फाइल बनवणे हे तांत्रिकदृष्ट्या तासाभराचे काम आहे. अमेरिकेत १९९८ साली झालेल्या कायद्याने कुलूप तोडणे हाच गुन्हा ठरवला, मग हेतू कोणताही असो. म्हणजे आधी दाराला कुलूप घालायचे आणि मग आत येण्याची परवानगी भेट म्हणून द्यायची, असा हा प्रकार आहे. भेटीचे बरेचसे मूल्य कुलपानेच निर्माण केले आहे. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात आलेले ६५-अ हे कलम तुलनेने सौम्य आहे. अधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणे त्याने शिक्षापात्र केले, पण कायद्याने मना नसलेल्या कामासाठी वाट ठेवली.

नोंद राहिली नाही तर

२०११ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ‘अल्ट्राव्हायोलेट’ नावाची योजना सुरू झाली. अनेक चित्रपट कंपन्या तिच्यात होत्या. डिस्ने आणि ॲपल नव्हत्या. कल्पना चांगली होती. ग्राहकाने कोणत्याही कंपनीचा चिटोरा भरला, की त्या चित्रपटाची नोंद एका मध्यवर्ती वहीत व्हायची. एका खात्यात घरातली सहा माणसे आणि बारा यंत्रे. चित्रपट कोणत्याही सहभागी दुकानाकडून मागवा, दुकानदार वहीत नाव पाहून तो दाखवील. या योजनेत ग्राहकाच्या हाती प्रत अशी काही नव्हतीच. होती ती वहीतली एक ओळ. शिधापत्रिकेवर नाव असणे आणि घरात धान्य असणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. पत्रिकेवर नाव आहे आणि दुकान उघडे आहे तोवर अडचण नाही.

३१ जुलै २०१९ रोजी ही वही बंद झाली. सहा महिने आधी सूचना देऊन ग्राहकांना आपले खाते एखाद्या दुकानाच्या खात्याशी जोडून घ्यायला सांगितले होते. ज्यांनी जोडले त्यांचे बहुतेक चित्रपट तेथे टिकले. ज्यांनी ती सूचना वाचलीच नाही, त्यांची भिस्त नोंदीवर होती आणि नोंद गेली. डबीतली तबकडी मात्र १ ऑगस्टलाही पूर्वीसारखीच चालत होती! डिस्नेच्या पुढाकाराने आलेली ‘मूव्हीज एनिव्हेअर’ ही दुसरी वही २०१७ च्या ऑक्टोबरात पाच मोठ्या कंपन्यांसह सुरू झाली. तिने अल्ट्राव्हायोलेटची जागा बऱ्याच अंशी घेतली, पण पॅरामाउंट आणि लायन्सगेट या कंपन्या तिच्याबाहेरच राहिल्या.

वही चालू असूनही पान फाडले जाऊ शकते. २०२२ च्या ऑगस्टअखेर जर्मनी व ऑस्ट्रिया येथील सोनीच्या प्लेस्टेशन दुकानाच्या ग्राहकांनी पैसे देऊन ‘विकत’ घेतलेले स्टुडिओकॅनल कंपनीचे चित्रपट त्यांच्या खात्यांतून काढले गेले, कारण दोन कंपन्यांमधला करार संपला होता. ते चित्रपट चिटोऱ्याने आलेले नव्हते, पण ठेवले होते तशाच वहीत. या प्रकारांनंतर कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली एक कायदा केला. केवळ परवाना देत असताना ‘विकत घ्या’ असे शब्द वापरायचे असतील, तर हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे, असा त्याचा आशय. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे.

वस्तू विकली की विक्रेत्याचा तिच्यावरचा ताबा संपतो, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली एका कादंबरीच्या निमित्ताने मान्य केले होते. प्रकाशकाने पुस्तकावर छापले होते की एक डॉलरहून कमी किमतीला विकू नये. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटांना विकले. प्रकाशक हरला. म्हणूनच पाहून झालेली तबकडी मित्राला देता येते, जुन्या बाजारात विकता येते, वाचनालयाला भेट देता येते. चिटोऱ्याचे काय? हा प्रश्न रेडबॉक्स कंपनीने उभा केला. ती रस्तोरस्ती यंत्रे ठेवून तबकड्या भाड्याने देई. तिने डिस्नेचे संच दुकानांतून रीतसर विकत घेतले, तबकड्या भाड्याने लावल्या आणि चिटोरे वेगळे काढून स्वस्तात विकायला सुरुवात केली. डिस्नेने २०१७ च्या अखेरीस दावा लावला.

फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायाधीशांनी मनाईहुकूम नाकारला. डबीवर ‘संकेतांक विकू नये’ असे छापल्याने करार होत नाही, असे त्यांनी म्हटले. शिवाय डिजिटल प्रत हवी असेल तर तबकडी स्वतःजवळच असली पाहिजे, या डिस्नेच्या अटीने ग्राहकाचा तबकडी विकण्याचा हक्कच हिरावला जातो, असेही ठरवले. डिस्नेने अटींचे शब्द बदलले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिला मनाईहुकूम मिळाला. आम्हाला या प्रकरणातला अधिक बोलका भाग वेगळाच वाटतो. १९०८ चे तत्त्व चिटोऱ्याला लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कारण विकताना त्या डबीत दुसरी प्रत अस्तित्वातच नसते. ती कोणी संकेतांक भरल्यावर, कोणत्या तरी यंत्रात, नंतर तयार होते. डबीवर ‘प्रत’ छापले होते आणि कायद्याच्या नजरेला आत प्रत दिसली नाही.

कंपन्यांनी हे का केले तेही यातून दिसते. तबकड्यांची विक्री उतरत होती, भाड्याची तबकडी डॉलरभरात मिळत होती आणि विकत घेण्यास काही वेगळे कारण हवे होते. भाड्याच्या डबीत चिटोरा नसतो. जुन्या बाजारातल्या डबीत असला तरी वापरलेला असतो. म्हणजे एका कागदाने भाडे आणि जुना बाजार या दोन्हींवर मात करता येत होती.

मग मूल्य किती?

एक आकडा बाजारानेच दिलेला आहे. २०१२ च्या एप्रिलमध्ये वॉलमार्ट दुकानांनी घरातल्या जुन्या तबकड्यांची अल्ट्राव्हायोलेटमध्ये नोंद करून देण्याची सोय केली. तबकडी दाखवा, दोन डॉलर द्या आणि नोंद घ्या. डीव्हीडीवरून वरच्या दर्जाची नोंद हवी असेल तर पाच डॉलर. ज्याच्याकडे तबकडी आधीच आहे त्याच्या लेखी डिजिटल नोंदीची किंमत दुकानदाराच्या हिशेबाने एवढी होती.

आम्ही मात्र किंमत निराळ्या बाजूने मोजू. समजा, दहा वर्षांत एखादी तबकडी हरवण्याची, ओरखडण्याची वा बिघडण्याची संभाव्यता दहात एक आहे. डिजिटल नोंद नाहीशी होण्याची संभाव्यता त्याहून अधिक, पाचात एक धरू. हे आकडे कल्पित आहेत. विद्यार्थ्यांनी आपले धरावेत. दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतील तर दोन्ही जाण्याची संभाव्यता हा त्यांचा गुणाकार, म्हणजे पन्नासात एक. एकट्या तबकडीपेक्षा संच पाचपट सुरक्षित झाला. ‘अवलंबून नसतील तर’ ही अट येथे खरोखर पाळली जाते. घराला आग लागली तर कंपनीची वही जळत नाही आणि कंपनीने वही मिटली तर घरातली तबकडी बिघडत नाही. दोन तबकड्या घेऊन एकाच कपाटात ठेवल्या असत्या तर हा गुणाकार चालला नसता.

तबकडी अमर आहे असेही नव्हे. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन प्लास्टिक चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि मध्ये ॲल्युमिनियमसारख्या धातूचा अतिशय पातळ थर असतो. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर त्यावरून परावर्तित होतो. चिकटवण कमी प्रतीची असली, की तो थर खराब होतो आणि तबकडी आपोआप मरते. २००६ ते २००८ या काळात बनलेल्या आपल्या काही डीव्हीडींमध्ये असा बिघाड असल्याचे वॉर्नर ब्रदर्सने २०२५ साली मान्य केले. ज्यांनी काळजीपूर्वक, सावलीत, उभ्या ठेवल्या होत्या त्यांच्याही गेल्या.

तेव्हा तबकडीच्या जोडीला असलेली नोंद कामाची आहे. तबकडीच्या जागी असलेली नोंद हा निराळा व्यवहार आहे. जाहिरातीचा सूर मात्र नेमका उलटा होता : हे घ्या आणि हळूहळू तबकडी विसरा.

आपल्या शाळांचा याच्याशी थेट संबंध थोडा आहे, पण आहे. अमेरिकेतले नातेवाईक सुटीत येताना विज्ञानपटांच्या तबकड्या भेट म्हणून आणतात. त्यांतला चिटोरा येथे निरुपयोगी असतो, कारण मूव्हीज एनिव्हेअर ही सेवा अमेरिकेपुरतीच आहे. तबकडीचीही खात्री नाही. डीव्हीडीसाठी अमेरिकेचा विभाग १ आणि भारताचा ५. ब्लू-रेसाठी त्यांचा ए आणि आपला सी. विभागाचे बंधन नसलेली तबकडी असेल तर ती चालते, म्हणून आणायला सांगताना डबीमागची खूण वाचून घ्यायला सांगावे. ती चालली, तर आपल्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार संस्थेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता चित्रपट दाखवता येतो. कोणाच्या तरी खासगी खात्यातला चित्रपट वर्गात दाखवायचा म्हटले, तर आड येतात त्या खात्याच्या अटी, आणि त्या बहुधा ‘वैयक्तिक, घरगुती वापरासाठी’ अशाच असतात. शिवाय ते शिक्षक बदलून गेले की खातेही त्यांच्याबरोबर जाते. तबकडी कपाटात राहते आणि तिची नोंद जडवस्तू संग्रहाच्या वहीत करता येते.

परदेशी राहणाऱ्या वाचकांनी चिटोरा मिळाल्याबरोबर भरून टाकावा. पुष्कळांवर शेवटची तारीख असते, ती डबीच्या मागे अगदी बारीक टाइपात छापतात, आणि दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या डबीची तारीख विकत घेण्यापूर्वीच उलटून गेलेली असू शकते.